इंजिन पाठीशी, गिअर हाताशी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. पहिली शेव्हरोले कॉर्व्हेटची आठवी पिढी. तिचे अनावरण जुलै २०१९ मध्ये झाले. १९५३ पासून चालकाच्या पुढ्यात असलेले इंजिन त्या दिवशी त्याच्या पाठीमागे गेले आणि क्लचचे पेडल गाडीतून निघूनच गेले. दुसरी लोटस एमिरा, जी जुलै २०२१ मध्ये लोकांपुढे आली. तिचेही इंजिन चालकाच्या पाठीमागेच आहे, परंतु सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मागणाऱ्याला तो मिळतो. ‘क्लच नसलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावे काय?’ असे लेखाच्या अखेरीस विचारले होते. त्यावर सोलापुरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांचा सूर पाहता या वेळचे सगळे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवणे भाग होते. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत, फक्त परिसर दिला आहे.

प्रश्न : रिक्षाचे इंजिन मागेच असते. आमच्या घरी जुनी मारुती व्हॅन होती, तिचे इंजिन तर सीटखालीच होते आणि उन्हाळ्यात बूड भाजायचे. मग इंजिन मागे नेले म्हणून कॉर्व्हेटचे एवढे कौतुक कशासाठी? — सात रस्ता

प्रश्न थट्टेत विचारलेला दिसतो, पण तो नेमक्या जागी बोट ठेवतो. १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे पुढच्या आसाच्या मागे बसवलेले होते. काटेकोर व्याख्या लावली तर तीही मध्य-इंजिन, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये इंजिन असलेली, गाडीच ठरते, आणि सोलापूरच्या रस्त्यांवर अशा शेकडो गाड्या कोणी कौतुकाने मान वळवून न पाहता वर्षानुवर्षे धावल्या. फरक हेतूचा आहे. व्हॅनमध्ये इंजिन तिथे ठेवले ते कमी लांबीत जास्तीत जास्त माणसे आणि सामान बसावे म्हणून. स्पोर्ट्स कारमध्ये ते आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवतात ते गाडीने वळणात चालकाचे ऐकावे म्हणून.

गाडी वळते तेव्हा ती स्वतःच्या मध्याभोवती फिरत असते. इंजिन आणि गिअरबॉक्स हे तिचे सर्वांत जड भाग. भरलेल्या दोन घागरी अंगाशी धरून गर्रकन वळणे सोपे जाते, त्याच हात लांब करून धरल्या तर वळणे जड जाते आणि वळल्यावर थांबणे त्याहून जड. इंजिन मध्याजवळ आणण्यामागे एवढेच गणित आहे. शिवाय आठव्या पिढीच्या कॉर्व्हेटचे सुमारे साठ टक्के वजन मागच्या चाकांवर येते. त्यामुळे ४९५ अश्वशक्ती रस्त्यावर उतरवताना मागचे टायर जागच्या जागी फिरत बसत नाहीत, आणि ब्रेक लावताना वजन पुढे सरकले तरी मागच्या टायरांकडे पुरेसे काम उरते. आधीच्या पिढ्यांमध्ये शक्ती वाढवत नेली तेव्हा हीच अडचण होती : इंजिन अधिक जोर लावू शकत होते, पण मागचे टायर तो घेऊ शकत नव्हते.

शर्यतींच्या जगाने हे फार आधी ओळखले. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांनी आराखडलेल्या ऑटो युनियनच्या शर्यतगाड्यांचे इंजिन चालकाच्या मागे होते. १९५८ मध्ये अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीमध्ये स्टर्लिंग मॉस यांनी छोटीशी कूपर गाडी पहिली आणली, १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबम कूपरमधूनच विश्वविजेते झाले, आणि १९६० च्या मोंझा शर्यतीनंतर पुढे इंजिन असलेली गाडी फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाची शर्यत पुन्हा जिंकली नाही. रस्त्यावरच्या गाड्यांत १९६६ च्या लॅम्बोर्गिनी मिउराने ही रचना प्रतिष्ठेची केली. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटॉव्ह हे मध्य-इंजिन रचनेच्या प्रायोगिक गाड्या १९६० पासून बनवत होते. कंपनीने विक्रीच्या गाडीत ती आणायला जवळपास साठ वर्षे घेतली.

आता दुसरी बाजू. ही रचना क्षमाशील नाही. वळणात मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वजन एकदम पुढे सरकते, मागच्या टायरांची पकड ढिली होते, आणि जी गाडी चटकन वळत होती तीच चटकन गरगरते. १९८९ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर-टू गाडीची या बाबतीत एवढी ख्याती झाली की कंपनीला काही वर्षांतच तिच्या सस्पेन्शनमध्ये बदल करावे लागले. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हे बरेचसे सावरून घेतात. तरीही आपल्याकडे महिनोन्‌महिने कोरडा राहून तेल आणि धूळ पिऊन बसलेला रस्ता पहिल्या पावसात कसा साबणासारखा होतो हे वेगळे सांगायला नको. तिथे यंत्रणेच्या भरवशावर कोणी राहू नये. सामानाला जागा कमी, मागचे दिसणे कमी, आणि साधा पट्टा बदलायचा तरी मेकॅनिकला निम्मी गाडी उघडावी लागते, हेही खरेच. बूड भाजण्याची तक्रार मात्र या गाड्यांत नाही; तिथे पाठ तापते.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात एकाने ठामपणे सांगितले की इंजिन मागे गेले की गिअरचा दांडा तिथपर्यंत पोचवता येत नाही, म्हणून कॉर्व्हेटला मॅन्युअल मिळाला नाही. हे कारण खरे आहे का? — जुळे सोलापूर

नाही. तुमच्या मित्रांना मिउराची आठवण करून द्या, १९९० च्या होंडा एनएसएक्सची द्या, मॅक्लारेन एफ-वनची द्या, जिच्यात चालक मधोमध बसतो आणि उजव्या हाताने सहा गिअर टाकतो. पोर्शे बॉक्स्टर १९९६ पासून मध्य-इंजिन रचनेची आहे आणि तिला मॅन्युअल गिअरबॉक्स पिढ्यान्‌पिढ्या मिळत आला. एमिरा तर डोळ्यांसमोरच आहे. तिच्या दांड्याखालची जोडणी मुद्दाम उघडी ठेवली आहे. गिअर टाकताना ती कशी सरकते हे बसल्या जागेवरून दिसते.

अशा गाडीत काम साधारणपणे दोन केबल करतात. दांडा डावीकडे-उजवीकडे हलवला की एक केबल ओढली जाते आणि गिअरबॉक्सला कोणत्या जोडीतला गिअर हवा ते कळते. दांडा पुढे-मागे केला की दुसरी केबल त्या जोडीतला एक गिअर लावते. केबल आसनांमधल्या बोगद्यातून निघून इंजिनाला वळसा घालून मागे जातात. अंतर वाढले की केबलमध्ये थोडी ओढाताण, थोडी शिथिलता येते आणि गिअर ‘बसला’ हे हाताला तितके स्वच्छ कळत नाही. जुन्या इटालियन गाड्यांमध्ये तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर पडायचाच नाही, इतका तो कुरकुरायचा. म्हणजे ही गोष्ट अवघड आहे, अशक्य मुळीच नाही.

खरे कारण हिशेबाच्या वहीत आहे. मॅन्युअल द्यायचा म्हणजे वेगळा गिअरबॉक्स, वेगळे पेडल, बोगद्यात दांड्यासाठी भोक, त्यानुसार गाडीच्या सांगाड्यात फेरबदल, प्रदूषण आणि इंधनाच्या चाचण्या नव्याने, आणि स्थैर्य राखणाऱ्या संगणकीय प्रणालींची जुळणी नव्याने. हा सगळा खर्च किती गाड्यांवर वाटला जाणार, एवढाच प्रश्न कंपनी विचारते. फेरारीने १९९७ मध्ये एफ-३५५ गाडीत स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायची सोय आणली, आणि गिऱ्हाईक असे वळले की २००९ च्या ४५८ गाडीला मॅन्युअल ठेवलाच नाही. लॅम्बोर्गिनीच्या गॅलार्डोला तो होता, २०१४ च्या हुराकानला नाही. ऑडी आर-एटच्या पहिल्या पिढीत धातूच्या उघड्या खाचांमधून टकटक करत सरकणारा देखणा दांडा होता, २०१५ च्या दुसऱ्या पिढीत तो गेला. या यादीत कॉर्व्हेट उशिराच आली. तिचा आठ गिअरचा ड्युअल-क्लच, म्हणजे दोन क्लचचा आणि पेडलाशिवाय चालणारा, गिअरबॉक्स ट्रेमेक कंपनी बनवते, आणि आधीच्या पिढीचा सात गिअरचा मॅन्युअलही हीच कंपनी बनवत होती. कसब कुठे हरवलेले नाही, मागणी आटली.

आणि ‘मॅन्युअल नाही ती कॉर्व्हेटच नाही’ असे कोणी छाती ठोकून सांगत असेल तर त्याला १९५३ ची पहिली कॉर्व्हेट दाखवावी. तिला फक्त दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. मॅन्युअल १९५५ मध्ये आला.

प्रश्न : मी मॅन्युअलचा कट्टर समर्थक आहे, तर धाकटा भाऊ म्हणतो की ड्युअल-क्लचपुढे मॅन्युअल म्हणजे बैलगाडी. रोज रात्री जेवताना हाच वाद होतो आणि आई वैतागते. आपण निकाल द्यावा. — विजापूर रोड

घड्याळ लावायचे ठरले तर धाकट्याचे बरोबर आहे आणि त्यात वादाला जागा नाही. ड्युअल-क्लच गिअरबॉक्समध्ये एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर असतात आणि दुसऱ्यावर सम. तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये धावत असता तेव्हा तिसरा आधीच लागून तयार असतो. बदलताना एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, त्यामुळे चाकांकडे जाणारा जोर तुटत नाही. कितीही तयार हाताचा माणूस असो, क्लच दाबून, दांडा हलवून, क्लच सोडेपर्यंत गाडी तेवढा वेळ नुसती वाहत असते. पोर्शेने १९८० च्या दशकात ९६२ या शर्यतगाडीवर हे तंत्र राबवले, आणि २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ पासून ते मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत आले. कॉर्व्हेट योग्य त्या पॅकेजसह शून्यापासून ताशी ९६ किलोमीटरपर्यंत २.९ सेकंदांत जाते असे कंपनी सांगते, आणि यात ड्युअल-क्लचचा वाटा मोठा आहे.

मात्र एमिराचे आकडे पाहा. ३.५ लिटरचे सुपरचार्ज केलेले व्ही-सिक्स इंजिन, मूळ टोयोटाचे, ४०० अश्वशक्ती. मॅन्युअलने शून्य ते शंभर ४.३ सेकंद, ऑटोमॅटिकने ४.२. हिचा ऑटोमॅटिक ड्युअल-क्लच नाही, नेहमीच्या पद्धतीचा आहे, हे धाकटा लगेच सांगेल आणि ते बरोबरही आहे. पण या एक दशांश सेकंदासाठी कोणी रात्रीचे जेवण थंड करू नये.

तुमची बाजू घड्याळात शोधाल तर हराल. ती बाजारात मात्र सापडते. पोर्शेने २०१३ मध्ये ९११ जीटी-थ्री फक्त ड्युअल-क्लचसह आणली. गाडी आधीच्यापेक्षा वेगवान होती, आणि तरीही तिचेच जुने चाहते रुसले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर ही फक्त मॅन्युअल गिअरबॉक्सची गाडी काढली, मोजून ९९१. त्या हातोहात खपल्या आणि पुढे मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या गेल्या. २०१७ मध्ये जीटी-थ्रीला मॅन्युअलचा पर्याय परत मिळाला. मॅक्लारेन एफ-वनचे आराखडाकार गॉर्डन मरे यांनी २०२० मध्ये टी-फिफ्टी दाखवली : व्ही-ट्वेल्व्ह इंजिन मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारे, वजन एक हजार किलोच्याही आत, आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. पैशाला तोटा नसलेला, तंत्रज्ञान कोळून प्यालेला माणूस क्लच ठेवतो तेव्हा तो सेकंद मोजत नसतो, एवढे तरी धाकट्याला मान्य करावे लागेल.

निकाल मागितला आहे म्हणून देतो. गाडी हलकी असेल, शक्ती चारशे अश्वशक्तीच्या आसपास किंवा कमी असेल, तर मी मॅन्युअल घेईन, कारण तिथे गिअर केव्हा बदलायचा हे ठरवायला माणसाला वेळ मिळतो आणि चुकला तरी निभावते. पाचशेच्या पुढे, आणि कॉर्व्हेटच्या २०२४ मध्ये दाखवलेल्या झेडआर-वनसारख्या १,०६४ अश्वशक्तीच्या गाडीत तर नक्कीच, दोन्ही हात स्टिअरिंगवर असलेले बरे. तिथे मॅन्युअलचा हट्ट मला हौसेपेक्षा हट्टच वाटतो, आणि हे वाचून काही मॅन्युअलप्रेमी मला पत्रे लिहितील याची कल्पना आहे.

प्रश्न : मी चादरी आणि टॉवेलचा माल घेऊन मुंबईला ट्रक नेतो. क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो. कोटीच्या गाड्या घेणाऱ्या लोकांना क्लचची एवढी हौस का, हे मला खरोखरच कळत नाही. — अक्कलकोट रोड, एमआयडीसी

या वेळच्या टपालातले हे सर्वांत मोलाचे पत्र. त्याचे उत्तर मात्र गुळगुळीत देता येणार नाही. तुम्ही क्लच दाबता तो पोटासाठी, गर्दीत, माल वेळेवर पोचवण्याच्या घाईत. ते दाबतात तो रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, मनात आले तर. ज्याला क्लच टाळता येतो त्यालाच त्याची हौस परवडते, हे तुमच्या पत्रात न लिहिताही लिहिलेले आहे आणि मला ते मान्य आहे.

पण त्या हौशी लोकांना जे हवे असते ते तुमच्याकडे आधीपासून आहे, हेही सांगितले पाहिजे. जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअरची गती आपोआप जुळवणारी सोय, नसे. वरच्या गिअरवरून खाली यायचे तर क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटरला हलकी रेस देऊन इंजिनाचे फेरे नेमके तेवढे वाढवायचे, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. फेरे कमी पडले की करकर, जास्त झाले की करकर. तुमच्या उस्तादांनी हे कानाने शिकवले असेल. १९२८ मध्ये कॅडिलॅकने मोटारीत सिंक्रोमेश आणला तेव्हापासून हे काम गिअरबॉक्समधल्या शंकूच्या आकाराच्या पितळी कड्या करू लागल्या : दांडा रेटला की कडी आधी गिअरच्या शंकूवर घासते, दोघांची गती एक होईपर्यंत दात अडवून धरते, आणि गती जुळली की वाट देते. त्या क्षणी दांडा हातातून आपोआप आत ओढला गेल्यासारखा वाटतो. मॅन्युअलप्रेमी ज्या ‘फील’चे गोडवे गातात त्याचा बराचसा भाग म्हणजे ही कडी.

शर्यतीच्या मैदानावर लोक पैसे मोजून जे शिकतात तेही तुमच्या ओळखीचेच आहे. वळणाआधी उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून धरायचा आणि त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारायची, म्हणजे क्लच सोडताना इंजिन आणि चाके यांची गती जुळलेली असते आणि मागच्या चाकांना झटका बसत नाही. ज्या गाडीचे इंजिन मागे आहे आणि जी झटक्याने फिरते, तिच्यात या टिचकीला फार किंमत आहे. आजच्या पुष्कळ मॅन्युअल गाड्यांत ती टिचकी संगणकच मारतो. कट्टर मंडळी ती सोय बंद करून ठेवतात, आणि मला त्यांचे हसूही येते आणि थोडा हेवाही वाटतो.

गुडघ्याबद्दल : नवा ट्रक घेण्याचा विषय निघाला तर मालकांकडे स्वयंचलित गिअरबदलाच्या ट्रकचा आग्रह जरूर धरा. यात गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असतो, क्लच आणि दांडा यंत्र हलवते. आपल्याकडे मोटारींत हे तंत्र २०१४ च्या मारुती सेलेरिओमुळे घराघरांत पोचले, आणि ट्रकांतही ते आता मिळते. घाट ज्या गिअरने चढायचा त्याच गिअरने उतरायचा हा तुमचा नियम तिथेही लागू आहे. गिअर धरून ठेवण्याची सोय त्यात असते, ती आधी समजून घ्या. तोवर सिग्नलवर क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रल करा. आणि डॉक्टरांना गुडघा दाखवा. ते या सदराचे काम नाही.

प्रश्न : यांपैकी कोणती गाडी भारतात मिळेल आणि सोलापुरात चालवता येईल का? — होटगी रोड

कॉर्व्हेट अधिकृतपणे मिळत नाही. आठवी पिढी कारखान्यातूनच उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह बनते, असे करणारी ही पहिलीच कॉर्व्हेट आहे. पण जनरल मोटर्सने भारतातील विक्री २०१७ अखेर बंद केली आणि तळेगावचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. लोटस २०२३ मध्ये भारतात आली. आयात केलेल्या अशा गाडीवर सीमाशुल्क आणि कर मिळून किंमत खूपच वर जाते, हे गृहीत धरूनच स्वप्न पाहावे.

आपल्या मातीतही प्रयत्न झाले आहेत. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंतीचे २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत प्रदर्शन झाले. इंजिन रेनोचे दोन लिटरचे, चालकाच्या मागे, आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. टाटांनी २०१७ मध्ये जिनिव्हात रेसमो ही छोटी मध्य-इंजिन गाडी दाखवली, १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाची, पण ती विक्रीला आलीच नाही. मला स्वतःला रेसमोची हळहळ जास्त वाटते. ती खरोखर परवडणारी ठरू शकली असती.

सोलापुरात चालवण्याबद्दल थोडक्यात : गाडीचे पोट जमिनीपासून चार बोटे वर, आणि आपले गतिरोधक तुम्ही जाणताच. घरापासून पुणे महामार्गापर्यंत पोचणे हीच खरी शर्यत होईल.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विजेच्या गाड्या आल्यावर मॅन्युअल गिअरबॉक्सच काय, गिअरबॉक्स हा विषयच संपेल असे सर म्हणतात. प्रकल्पासाठी तो घ्यावा की नाही? — अशोक चौक

सरांचे म्हणणे बऱ्याच अंशी बरोबर आहे. विजेची मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, त्यामुळे बहुतेक विजेच्या गाड्यांना गती कमी करणारी एकच दातेरी जोडी पुरते. गंमत अशी की २०२३ ची ह्युंदाई आयोनिक फाइव्ह एन ही गिअर नसलेली गाडी आठ गिअरच्या ड्युअल-क्लचचे सोंग वठवते : स्टिअरिंगमागची पट्टी ओढली की जोर क्षणभर तुटतो, झटका बसतो, आवाज बदलतो. ज्या झटक्यापासून सुटका व्हावी म्हणून अभियंत्यांनी शंभर वर्षे घालवली, तोच आता सॉफ्टवेअर लिहून परत आणला जात आहे. मॅन्युअलवरची ही चर्चा निव्वळ म्हाताऱ्यांची हळहळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी या गाडीचा विचार करावा.

प्रकल्पासाठी गिअरबॉक्स जरूर घ्या, पण संपूर्ण नको. सिंक्रोमेशची कडी किंवा ड्युअल-क्लचमधला जोर एका क्लचवरून दुसऱ्यावर नेण्याचा टप्पा, एवढाच भाग घ्या. घर्षण, उष्णता, धातूची झीज आणि नियंत्रण हे चारही विषय त्यात येतात, आणि यातला एकही विजेच्या गाडीबरोबर संपत नाही. आपल्याच गावातले उदाहरण घ्या. १९९२ मध्ये सुरू झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, पुरवते. विजेच्या मोटरीला कॅमशाफ्ट लागत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? त्यांनी नेदरलँड्समधील विजेचे ट्रक बनवणाऱ्या कंपनीत गुंतवणूक केली आणि कॅमशाफ्टही चालू ठेवले. एखाद्या कारखान्यात जाऊन घडाईचे आणि घासाईचे काम प्रत्यक्ष पाहता आले तर पाहा. कडीवर मायक्रॉनचा फरक म्हणजे काय, हे पुस्तकातून लक्षात येत नाही.

प्रश्न : मुलगी अठरा वर्षांची झाली. घरी ऑटोमॅटिक गाडी आहे. तिला आधी गिअरच्या गाडीवर शिकवावे असे मला वाटते, तिची आई म्हणते उगाच त्रास कशाला. — बार्शी

तुमच्या मुलीने हे सदर वाचून एमिराचा हट्ट धरलेला नाही ना, एवढे आधी विचारून घ्या. नसेल तर तिच्या आईच्या बोलण्यात तथ्य आहे : नव्या चालकाने पहिल्या महिन्यात आरसे, अंतर, दुचाकीवाले आणि अचानक आडवी येणारी गुरे यांकडे लक्ष द्यायचे असते, आणि ऑटोमॅटिकवर ते लक्ष मोकळे राहते. आधी घरच्या गाडीवर रस्ता शिकू द्या. हात बसला की मग एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलची साधी हॅचबॅक घेऊन गिअर शिकवा, म्हणजे एका वेळी एकच नवी गोष्ट शिकायची राहील.

शिकवताना सुरुवात सपाट मोकळ्या मैदानावर करा आणि पहिल्या दिवशी अ‍ॅक्सिलरेटरला पायच लावू देऊ नका. क्लच सावकाश सोडत न्यायचा, गाडी थरथरू लागते ती जागा पायाने ओळखायची, तिथे थांबायचे, पुन्हा दाबायचे. ती जागा दहापैकी दहा वेळा सापडू लागली की दांड्याकडे वळा. दांडा मुठीत आवळून धरायचा नाही, तळव्याने ढकलायचा. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना हात सैल सोडला की दांडा न्यूट्रलमध्ये स्वतःहून मधल्या रेषेत येतो आणि तिसरा समोरच असतो. नवशिके तिथेच जोर लावून पहिल्यात घुसतात. चढावर हँडब्रेक ओढून गाडी काढायचा सराव जमला की तुळजापूरचा घाट करा, शक्यतो मंगळवार-शुक्रवारची आणि पौर्णिमेची गर्दी टाळून, आणि त्या दिवशी मागच्या सीटवर आईला बसवू नका.